कौलारू माळ्यावर राहती खोली करता येईल का? रावपुऱ्यातील एका घराच्या निमित्ताने

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात आजोबांच्या काळापासूनचे दोन मजली कौलारू घर आहे. रस्त्याच्या बाजूने ते २४ फूट लांब आहे, रस्त्यापासून घरामागच्या मोकळ्या चौकापर्यंतचे अंतर १८ फूट आहे आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे आपल्याकडे ज्यांना मजियारी म्हणतात त्या भिंती आहेत. पहिल्या मजल्यावर सागवानी कडीपाट आणि त्यावर माळा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी समा भागातल्या धाकट्या भावाच्या तळमजल्यात शिरले, तेव्हापासून भावाचे कुटुंबही याच घरात राहते, त्यामुळे माळ्यावर मुलांना अभ्यासाला आणि झोपायला एक खोली करावी असा विचार आहे. सोबत माळ्याची मापे आहेत, इंग्लंडमधल्या अशा कामांची काही देखणी चित्रे आहेत, आणि एका कंत्राटदाराचा सल्लाही आहे: छप्पर काढून टाका आणि सरळ स्लॅब भरा.

मी कलाभवनातून, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, स्थापत्य शिकून बाहेर पडलो त्याला आता तीन दशके होऊन गेली, आणि त्यातला मोठा काळ या शहरातल्या लाकडी घरांत, बहुधा त्यांच्या माळ्यांवर वाकून चालण्यात गेला. त्या अनुभवावरून एवढे आधीच सांगतो की माळ्यावर खोली होईल की नाही याचा निर्णय माळ्यावर लागत नाही, तो खालच्या दोन मजल्यांवर लागतो. वर काय दिसेल याची चित्रे पाहण्याआधी खालचे खांब, तुळया आणि जिन्याची जागा पाहावी लागते.

स्लॅबचा विषय पहिल्यांदा संपवू. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरतो, आणि त्यावरचा कोबा व पाणीरोधक थर वेगळा. तुमचे आजचे मंगलोरी कौलांचे छप्पर रीपा-वाशांसकट त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे. तुमच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीत मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जांत, म्हणजे सांध्यांत, बसवलेल्या विटा. त्या भार घेण्यासाठी नसून चौकट भरून काढण्यासाठी आहेत. खरा भार खांबांवरून दगडी उथळ्यांवर, म्हणजे खांबांखालच्या बैठकांवर, जातो. अशा घराच्या डोक्यावर चौपट वजन ठेवणे उभ्या भारासाठीही वाईट आहे, पण भूकंपासाठी ते अधिक वाईट आहे, कारण भूकंपात घराला जो आडवा धक्का बसतो तो वस्तुमानाच्या प्रमाणात असतो आणि ते वस्तुमान जितके उंचावर असेल तितका तो घराला अधिक पिळतो. भूकंपाविषयीच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत वडोदरा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. २६ जानेवारी २००१ ची भूकंपाची सकाळ ज्यांनी या शहरात अनुभवली आहे त्यांना याहून अधिक समजावण्याची गरज नसावी. जुने लाकडी घर त्या धक्क्यात करकरते, हलते, त्याच्या दर्जा सुटतात, पण सांधे शाबूत असतील तर ते उभे राहते. त्याच्या डोक्यावर स्लॅब ठेवला की हलण्याची ती सोयच त्याच्याकडून काढून घेतली जाते. ज्याने हा सल्ला दिला त्याला घर पाडून नवे बांधायचे असेल तर तसे त्याने स्पष्ट म्हणावे. तो वेगळा विचार आहे आणि त्याला वेगळा नकाशा लागतो.

आता तुमची मापे. आढ्याखाली, म्हणजे छपराच्या मधल्या उंच कण्याखाली, माळ्याची उंची ८ फूट आणि वळचणीशी, म्हणजे छपराच्या खालच्या कडेशी, ३ फूट असे तुम्ही लिहिले आहे. आढे रस्त्याला समांतर आहे, म्हणजे प्रत्येक पाखे, छपराची एकेक उतरती बाजू, ९ फूट आडव्या अंतरात ५ फूट चढते. हा उतार साधारण २९ अंशांचा झाला, आणि मंगलोरी कौलांसाठी तो योग्य आहे. इंग्लंडमधल्या चित्रांत छपराखाली जी ऐसपैस जागा दिसते ती तिथल्या अधिक उभ्या उतारामुळे मिळते. आपल्याकडच्या पाख्यांत तेवढी जागा मुळातच नसते, म्हणून ती चित्रे बाजूला ठेवा.

आठ फूट ऐकायला बरे वाटते, परंतु ती उघड्या वाशांखालची उंची आहे. उष्णतारोधक थर आणि खालची फळी मिळून वरून चार-साडेचार इंच जातील, नवी जमीन खालून दीड-दोन इंच घेईल. म्हणजे आढ्याखाली साडेसात फूट आणि वळचणीशी अडीच फूट उरतील. या आकड्यांवर सहा फूट उंचीचा माणूस ताठ उभा राहू शकेल अशी पट्टी आढ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून फक्त ५ फूट ५ इंचांची होते. म्हणजे ४३२ चौरस फुटांच्या माळ्यात मोकळेपणाने चालण्याजोगी जागा १३० चौरस फूट. किमान पाच फूट उंचीची जागा धरली, जिथे माणूस बसून लिहू शकतो किंवा अंथरुणावर पडू शकतो, तर रुंदी ९ फूट आणि क्षेत्रफळ २१६ चौरस फूट होते. उरलेला अर्धा भाग ट्रंका, गाद्या आणि दिवाळीच्या फराळाच्या मोठ्या डब्यांसाठी होता आणि तसाच राहील.

राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीसाठी किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट उंची मागते, आणि उतरत्या छपराखाली ही उंची सरासरीने धरते. तुमच्या माळ्याची सरासरी ५ फूट येते. त्यामुळे आहे त्या छपराखाली कितीही सुंदर काम केले तरी कागदावर तो माळाच राहील, खोली होणार नाही. पुढे घर विकताना, वाटण्या करताना किंवा कर्ज काढताना हा फरक पुढ्यात येतो, म्हणून तो आजच मान्य करून चालावे.

कागदोपत्रीही खोलीच हवी असेल तर दोन उपाय एकत्र करावे लागतात. तुमच्या पहिल्या मजल्याची उंची कडीखाली ११ फूट आहे; माळ्याची जमीन दीड फूट खाली घेतली तर खाली साडेनऊ फूट उरतात आणि ते पुरेसे आहेत. मग छप्पर अडीच फूट वर उचलले की आढ्याखाली साडेअकरा, वळचणीशी साडेसहा आणि सरासरी बरोबर ९ फूट येते. सरासरीचा हिशेब जुळतो, पण याचा अर्थ माळ्याची सगळी जमीन नव्याने करणे, सगळे छप्पर उतरवून पुन्हा चढवणे, आणि रस्त्यावरून दिसणारा घराचा चेहरा बदलणे असा होतो. हे काम महानगरपालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत तेवढ्याने भागेल असेही नाही.

कारण तुम्ही सहज लिहून गेला आहात की तांबेकर वाडा घरापासून दोन मिनिटांवर आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते; त्यांचा तो चार मजली लाकडी वाडा, भिंतीवरच्या चित्रांसह, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. २०१० साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, आणि तेही परवानगी घेऊन. त्यापुढच्या २०० मीटरांत बांधकाम होऊ शकते, पण तिथेही आधी परवानगी लागते. दोन मिनिटे चालणे म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटर झाले, पण गल्लीतून वळणे घेत चालण्याचे अंतर आणि सरळ रेषेतले अंतर यांत बराच फरक पडतो. म्हणून नकाशावर हद्दीपासूनचे सरळ अंतर मोजून घेणे हे तुमचे पहिले काम. ते ९५ मीटर निघाले तर छप्पर उचलण्याचा विचार तिथेच संपतो आणि उरतो तो आहे त्या उंचीत माळा नीट वापरण्याचा प्रश्न. खरे सांगायचे तर मला तोच मार्ग बहुतेक घरांसाठी शहाणपणाचा वाटतो, आणि पुढचे सर्व विवेचन मी तोच धरून करतो.

आता माळ्याच्या कड्यांविषयी, म्हणजे त्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांविषयी. तुमच्या मापांनुसार कडी ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच आहे, दोन कड्यांमधले अंतर २ फूट आहे, आणि प्रत्येक कडी भिंतीपासून मधल्या तुळईपर्यंत ९ फूट जाते. राहत्या जागेसाठी मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, धरायला सांगते. फळ्या, जमीन आणि खालची तक्तपोशी, म्हणजे छताच्या फळ्या, यांचे ५० किलो धरा. या अडीचशे किलोंवर हिशेब केला तर चांगल्या सागवानाची कडी मोडत नाही, तिच्यावरचा ताण परवानगीच्या मर्यादेत अगदी काठावर बसतो. परंतु ती मध्यभागी सतरा-अठरा मिलिमीटर वाकते, आणि गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांतल्या अंतराच्या, एक दोनशेचाळिसांश हे नेहमीचे प्रमाण धरले तर साडेअकरा मिलिमीटरहून अधिक वाकणे चालत नाही. वर मूल टेबलाशी बसून पाय हलवत असेल तर खालच्या खोलीतला दिवा थरथरेल, तक्तपोशीच्या फटींतून धूळ पडेल, आणि काही वर्षांत कड्यांना कायमचा पोक येईल. लोक मला विचारतात, "इतकी वर्षे माळ्यावर सामान होते, तेव्हा काही झाले नाही, मग आता का होईल?" सामान हलत नाही आणि ते बहुतेक वळचणीच्या कडेला, म्हणजे भिंतीजवळ रचलेले असते, हे त्याचे उत्तर आहे. माणसे मात्र मधोमध वावरतात, कारण उंची तिथेच आहे.

यावर मिस्त्री सहसा असे सुचवतो की प्रत्येक कडीला शेजारी तेवढीच दुसरी कडी जोडावी. त्याने लाकूड दुप्पट लागते आणि वाक निम्म्यावर येतो. त्याऐवजी ३ इंच रुंद पण ६ इंच उंच कडी घातली तर लाकूड फक्त दीडपट लागते आणि वाक तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होतो, कारण कडीचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. मी तर जुन्या कड्या जिथल्या तिथे राहू देतो, त्यांच्या खालची जुनी तक्तपोशी खालच्या खोलीचे छत म्हणून तशीच ठेवतो, आणि नव्या उंच कड्या दोन जुन्या कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत स्वतंत्रपणे बसवतो. नव्या जमिनीचा भार जुन्या कड्यांना शिवत नाही, खालचे छत फुटत नाही, आणि जमिनीची पातळी दोन इंचांच्या आसपासच चढते. लाकूड नवे आयात केलेले घेण्यापेक्षा पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान तपासून घ्या. ते वाळून बसलेले असते आणि नंतर पिळत नाही. खिळ्यांची भोके मात्र मोजा, आणि जिथे जुना सांधा कोरलेला आहे तो भाग कडीच्या मध्यावर येऊ देऊ नका.

आता मधली तुळई आणि तिच्याखालचे दोन खांब. खांबांतले अंतर ८ फूट आहे, म्हणजे माळ्याच्या जमिनीचा ९ फूट बाय ८ फूट असा तुकडा प्रत्येक मधल्या खांबावर येतो. वरच्याच अडीचशे किलोंनी तो सुमारे पावणेदोन टन भरतो, आणि आढ्याला टेकू देणारी लग त्याच रेषेत असल्यामुळे छपराचा भार वेगळाच. तुळई ६ इंच बाय ८ इंचांची आहे. ती निरोगी असेल तर हे ओझे सहज पेलेल. निरोगी आहे का, हे मात्र भिंतीत शिरलेल्या टोकाशी पाहायचे असते. वाळवी, जिला आपण वडोदऱ्यात सर्रास उधई म्हणतो, ती लाकडाच्या मध्यावर क्वचित सापडते. ती सामाईक भिंतीच्या ओलीतून, टोकापासून आत शिरते. वरून रंग चकचकीत असतो आणि आत पुठ्ठा झालेला असतो. पेचकस घेऊन प्रत्येक टोकाशी दाबून पाहा, हातोडीच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर तिथला गिलावा फूटभर उतरवून टोक उघडे करा. खांबाचे पाय उथळ्याशी असेच तपासा, विशेषतः तुमच्याही तळमजल्यात कधी पुराचे किंवा गटाराचे पाणी आले असेल तर. लाकूड पाण्याने लगेच कुजत नाही, पण पाण्यानंतर पुष्कळ दिवस ओले राहिले आणि हवा लागली नाही तर कुजते.

एक गोष्ट तुमच्या छायाचित्रात दिसली आणि तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही. पहिल्या मजल्यावरच्या झोपाळ्याचे हूक त्याच मधल्या तुळईत आहेत. या शहरात झोपाळा नसलेले जुने घर शोधावे लागते, आणि कोणाला तो काढा म्हणून सांगणे माझ्या जिवावर येते. पण चार माणसांचा झोका हा स्थिर भार नसतो, प्रत्येक हेलकाव्याला तो तुळईला ओढतो, आणि त्याच तुळईवर आता वरून राहत्या माणसांचा भार येणार आहे. झोपाळा ठेवायचा असेल तर त्याला दोन खांबांमध्ये स्वतंत्र पोलादी आडवी तुळई द्या, जिचा जुन्या तुळईशी संबंध राहणार नाही.

आणि ज्या लाकडाला कोणीही हात लावू नये ते म्हणजे वळचणीपासून वळचणीपर्यंत जाणारी आडवी बंधने. माळ्यावर चालताना ती पायात येतात, डोक्याला लागतात, म्हणून सुतार ती "नडतात" असे म्हणून कापू पाहतो. दोन्ही पाखी कौलांच्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि त्यांना आत धरून ठेवण्याचे काम हीच बंधने करतात. मी एका घरात हे कापलेले पाहिले आहे. पहिल्याच पावसाळ्यानंतर चौकाकडची भिंत माथ्याशी दीड इंच बाहेर गेली होती, आणि ती परत आत आणण्यासाठी जो खर्च झाला त्यात दुसरा माळा झाला असता. बंधन फारच अडचणीचे असेल तर त्याच्या जागी उंचावर दुसरे द्यावे लागते आणि वाशांची जाडी त्या मानाने वाढवावी लागते. ते गणिताचे काम आहे, अंदाजाचे नाही.

जिन्यात लोक नेहमी फसतात. आजचा तुमचा जिना म्हणजे झडपेतून वर जाणारी जवळजवळ उभी शिडी आहे. तिच्यावरून वर्षातून चार वेळा ट्रंक काढायला जाणे वेगळे आणि रात्री झोपेत उठून मुलाने खाली येणे वेगळे. खालच्या जमिनीपासून माळ्याच्या जमिनीपर्यंत तुमच्याकडे साडेअकरा फुटांच्या आसपास अंतर आहे. ७ इंचांची चढण धरली तर २० चढण्या होतात, आणि १० इंचांच्या १९ पायऱ्या म्हणजे जवळजवळ १६ फूट लांबी. एका दमात १५ हून अधिक चढण्या नसाव्यात असा नियम आहे, म्हणून मध्ये चौकोनी टप्पा घेऊन जिना वळवावा लागेल. तीन फूट रुंदी धरली तरी खालच्या दिवाणखान्यातले ५० चौरस फूट आरामात जातात. वर १३० चौरस फूट चालण्याजोगी जागा मिळवण्यासाठी खाली ५० द्यायचे, हा सौदा घरातल्या सर्वांना, विशेषतः जे खालीच राहणार आहेत त्यांना, आधी खडूने जमिनीवर आखून दाखवा. मी नेहमी तसे करतो, आणि निम्म्या घरांत विषय त्या खडूच्या रेघेपाशीच थांबतो. जिना वर उघडतो ती जागा आढ्याखालीच असली पाहिजे. वळचणीकडे उघडला तर शेवटच्या तीन पायऱ्यांवर डोके वाशाला लागते.

उन्हाबद्दल आता थोडे विस्ताराने, कारण परदेशी पुस्तकांतून येथे सर्वाधिक चुकीची नक्कल याच बाबतीत होते. तिकडे माळ्याला जो रोधक थर घालतात तो आतली ऊब राखण्यासाठी. आपल्याला बाहेरची धग आत येऊ द्यायची नाही, आणि जी आली ती रात्री बाहेर जाऊ द्यायची आहे. मे महिन्यातल्या दुपारी कौलाच्या आतल्या अंगाला हात टेकवून ठेवता येत नाही. नुसती खाली फळी किंवा जिप्समचे छत मारले तर धग त्या पोकळीत कोंडते आणि संध्याकाळी सातनंतर खोलीत उतरू लागते, नेमकी झोपायच्या वेळेला. म्हणून कौलांखाली हवा वाहती ठेवावी लागते. वाशांवर आधी फळी, तिच्यावर वाशांच्या रेषेत दोन इंच जाडीच्या उभ्या रीपा, त्यांच्यावर नेहमीच्या आडव्या रीपा आणि मग कौले अशी रचना केली की कौल आणि फळी यांच्यामध्ये दोन इंचांची पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग राहते. खाली वळचणीशी हवा आत येते, तापून हलकी होते आणि आढ्याशी ठेवलेल्या फटीतून निघून जाते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी हवी, नाहीतर खारी आणि कबुतरे पहिल्याच महिन्यात तिथे संसार थाटतील. चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद लावायचा असेल तर तो या पोकळीकडे तोंड करून लावा. दोन थरांमध्ये चिरडून बसवला तर त्याचा उपयोग शून्य होतो. फळीच्या खाली, वाशांच्या मधे, दोन इंच रॉकवुल, म्हणजे दगडी तंतूंची रोधक गादी, आणि मग आतली फळी. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या इको निवास संहिता २०१८ ने छपरासाठी १.२ ची उष्णतापारगमन मर्यादा, म्हणजे छपरातून किती उष्णता आत येऊ द्यायची त्याची मर्यादा, घातली आहे. ती मुख्यतः मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी असली तरी मापदंड म्हणून चांगली आहे, आणि एवढ्या थरांनी आपण तिच्या बरेच आत येतो. प्लास्टिकचा कागद मात्र कुठेही सलग गुंडाळू नका. पावसाळ्यात लाकूड दमट होते आणि दिवाळीनंतर वाळते. त्याला श्वास घेता आला नाही तर वाळवीच्या आधी बुरशी येईल.

उजेडासाठी बाजूच्या भिंती उपलब्ध नाहीत, त्या सामाईक आहेत. तेव्हा रस्त्याकडचे किंवा चौकाकडचे पाखे उरते. तुमचे घर पश्चिमेला तोंड करून आहे. रस्त्याकडच्या पाख्यात उभी खिडकी काढली तर दुपारी तीन ते सहा तिच्यातून आगच येईल, शिवाय घराचा चेहरा बदलेल. चौकाकडे, पूर्वेला, छपरातून वर उठणारी एकच पाच-साडेपाच फूट रुंद खिडकी काढा. तिच्या खाली उंची वाढल्यामुळे नेमकी टेबलाची जागा मिळेल. तिच्या दोन्ही कडांना छपराची जी पन्हळ तयार होते तिथेच पुढे गळणार असते, त्यामुळे तिथे पत्रा जाड वापरा आणि कौलांखाली दोन्ही बाजूंना फूटभर तरी आत न्या. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. पन्हळीची रुंदी ठरवताना तो दिवस डोळ्यांसमोर ठेवा, नेहमीचा श्रावण नव्हे. रस्त्याकडून उजेड हवाच असेल तर चार-सहा काचेची कौले पुरेत, तीही खाली सरकता पडदा ठेवून.

आतल्या आडभिंती विटेच्या नकोत. साडेचार इंची विटेची सात फूट उंच भिंत लांबीच्या दर फुटाला १४० किलो भरते आणि ती ज्या कडीवर उभी राहते तिला ते कळते. फळीची किंवा बोर्डाची आडभिंत पुरते. न्हाणीघर आणि शौचालय वर नेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. लाकडी जमिनीवर ओले काम करणे शक्य आहे, पण दहा वर्षांत एकदा तरी सांधा गळतो आणि तो कळेपर्यंत तुळईचे टोक गेलेले असते. पाण्याची टाकीही माळ्यावर नको. हजार लिटर म्हणजे एक टन. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या खालीच राहू द्या. वीज नव्याने, नळीतून, स्वतंत्र स्विच आणि ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक यंत्रासह न्या. जुन्या तारांना फाटा काढून एसी लावलेले माळे मी पाहिले आहेत आणि सुकलेल्या सागवानाशेजारी तापलेली तार ही कल्पनाही मला सहन होत नाही. माळ्यावरून उतरायला एकच लाकडी जिना असेल, म्हणून चौकाकडची खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी ठेवा, गजांशिवाय.

शेजाऱ्यांचा प्रश्न कायद्याआधी सौजन्याचा आहे. मजियारी भिंतीत नवी कडी खोवण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांची लेखी संमती घ्या, आणि भिंतीच्या अर्ध्या जाडीपलीकडे जाऊ नका. शक्य असेल तर भिंतीला लागून नवा खांब उभा करून भार त्यावर घ्या. मग संमतीही फक्त माहितीपुरती राहते. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव असेल आणि वारस तीन-चार असतील, तर माळ्यावर पैसा घालण्याआधी ते नाव बदलून घ्या.

वेळेचे गणित आपल्या शहरात ठरलेले आहे. दिवाळीनंतर लाकूड उघडून तपासा, मोजमापे आणि नकाशा पुरा करा, परवानगीसाठी अर्ज द्या. डिसेंबरात खालचे काम, म्हणजे खांब, तुळईची टोके, वाळवीचा उपचार आणि नव्या कड्या. कौलांना उत्तरायणाच्या आधी हात लावू नका. १४ आणि १५ जानेवारीला घरातली आणि शेजारची सगळी मुले छपरावर चढतात आणि नवे कौलही तेव्हाच फुटते. संक्रांत झाली की एक पाखे उतरवा, पुरे करा, मगच दुसरे उघडा. होळीपर्यंत छप्पर बंद झाले पाहिजे आणि अक्षय तृतीयेपर्यंत आतले काम. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, आणि त्या वेळी ज्याचे अर्धे छप्पर ताडपत्रीखाली आहे त्याची मिस्त्रीकडे कसलीच किंमत उरत नाही, तो म्हणेल तो दर द्यावा लागतो.

कारागिरांशी बोलताना दोन्ही भाषांतले शब्द वापरा. आपण ज्याला आढे म्हणतो त्याला येथला सुथार मोभ म्हणतो, तुळईला पाटडो, कौलांना नळियां. शब्द चुकला तर भलतेच लाकूड कापले जाते, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. सुथारकाम आणि कडियाकाम, म्हणजे गवंडीकाम, वेगवेगळे द्या, लाकूड घनफुटाने मोजून घ्या, आणि जुने निघालेले लाकूड कोणाचे हे आधीच लिहून ठेवा, कारण त्या सागवानाची किंमत मजुरीइतकी होऊ शकते.

पुढच्या सल्ल्यासाठी मला तीन गोष्टी लागतील: तांबेकर वाड्याच्या हद्दीपासूनचे सरळ अंतर, मधल्या तुळईच्या दोन्ही टोकांची गिलावा उतरवल्यानंतरची छायाचित्रे, आणि दिवाणखान्याच्या जमिनीवर जिना खडूने आखल्यावर घरातली मंडळी काय म्हणाली ते.